मंजुरी पत्रात, परवाना पुलावर

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आजच्या बोलण्याची सुरुवात मी पेढ्यांपासून करणार आहे.

सप्टेंबर २०२३ मधली गोष्ट. अमेरिकेत न्यू जर्सीला रात्रीचे दहा वाजले होते, म्हणजे आमच्या कराडला सकाळचे साडेसात. मी आईला फोन करून सांगितले, "आई, कॅनडात काम करायचा परवाना मिळाला. मलाही आणि हिलाही." आईने फोन ठेवला, देवापुढे साखर ठेवली आणि दुकान उघडल्याबरोबर अर्धा किलो पेढे आणून शेजारच्या चार घरांत वाटून टाकले. दोन दिवसांनी मी पुन्हा फोन केला. बोलता बोलता म्हणालो, "पुढच्या महिन्यात सीमेवर जायचंय, परवाना घ्यायला."

"घ्यायला?" आई म्हणाली, "अरे, मग मी पेढे कशाचे वाटले?"

आईचा प्रश्न अगदी बरोबर होता. परदेशी नोकरीसाठी गेलेल्यांच्या घरी असे गोंधळ नेहमी होतात. व्हिसा, मंजुरी, परमिट हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. प्रत्यक्षात ते तीन वेगळे कागद असतात, ते वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात आणि त्यांतला शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा कागद बहुधा सीमेवरच्या एका खिडकीपाशी, दहा-पंधरा मिनिटांत हातात पडतो. त्या दहा-पंधरा मिनिटांत काय घडते आणि आमच्या घरात त्यावर काय अवलंबून होते, ते आज सांगतो.

आईला मी ते म्हाडाच्या भाषेत समजावले. आमच्या मामांचे नाव म्हाडाच्या सोडतीत लागले होते, तेव्हाही घरात असाच आनंद झाला होता. पण नाव लागले म्हणून कोणी लगेच बिऱ्हाड हलवत नाही. देकारपत्र येते, पैसे भरायचे असतात आणि मग ताबा मिळतो. किल्ली हातात पडते ती ताब्याच्या दिवशी. आई लगेच म्हणाली, "मग सरळ सांग ना, ताबा मिळायचाय अजून!" इतका नेमका शब्द मला सुचला नव्हता. आमच्या मंडळींत याला 'परमिट अॅक्टिव्हेट करणे' म्हणतात, जसे काही मोबाइलचे सिमकार्डच. ताबा हाच शब्द खरा.

आता थोडी पार्श्वभूमी. मी २०१८ च्या ऑक्टोबरपासून अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर काम करत होतो. हा व्हिसा मालकाशी बांधलेला असतो. नोकरी गेली तर साधारण साठ दिवसांत दुसरा मालक शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. शिवाय त्याला सहा वर्षांची मर्यादा असते. त्याआधी ग्रीनकार्डची प्रक्रिया एका ठरावीक टप्प्यापर्यंत गेली असेल तरच मुदत पुढे वाढते. जानेवारी २०२३ मध्ये माझ्या कंपनीने आमचा अर्धा विभाग एका सकाळी कमी केला. त्रेपन्नाव्या दिवशी मला दुसरी नोकरी मिळाली. ते बावन्न दिवस कसे गेले, ते बोलायचे म्हटले तर वेगळे भाषण होईल. नोकरी मिळाली, पण जुन्या कंपनीने सुरू केलेली ग्रीनकार्डची प्रक्रिया तिथेच थांबली आणि माझी सहा वर्षे २०२४ च्या शरद ऋतूत संपत होती. हाताशी वेळ होता दीड वर्षाचा.

माझ्या पत्नीची अडचण आणखी वेगळी. ती डी. एड. झालेली, साताऱ्याजवळच्या शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गांना सहा वर्षे शिकवलेली. अमेरिकेत ती माझ्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आली आणि त्या व्हिसावर तिला पगारी काम करता येत नव्हते. महाराष्ट्र मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत ती विनावेतन मुलांना बाराखडी शिकवायची. आठवड्यातले ते दोन तास सोडले तर पाच वर्षे ती फळ्यापासून लांब होती. मुलगी मात्र २०१९ मध्ये तिथेच जन्मलेली, म्हणजे जन्माने अमेरिकी नागरिक. एकाच घरातली तीन माणसे आणि तिघांचे तीन तऱ्हेचे कागद.

अशात २७ जून २०२३ रोजी कॅनडा सरकारने एक योजना जाहीर केली. अमेरिकेत एच-वन-बीवर असलेल्यांना तीन वर्षांपर्यंतचा खुला कामाचा परवाना मिळणार होता. खुला म्हणजे कोणत्या एका मालकाशी न बांधलेला. हातात नोकरी नसली तरी अर्ज करता येत होता आणि जोडीदारालाही असाच परवाना मागता येत होता. जागा होत्या दहा हजार. १६ जुलैला अर्ज सुरू झाले आणि दुसऱ्याच दिवशी, १७ जुलैला, दहा हजारांचा आकडा भरून योजना बंद झाली. मी पहिल्या दिवशी सकाळी संगणकासमोर बसलो होतो म्हणून जमले. फी होती परवान्याची १५५, खुल्या परवान्याची १०० आणि बोटांच्या ठशांची ८५ कॅनेडियन डॉलर.

आता ते तीन कागद कोणते, ते नीट सांगतो. पहिला, व्हिसा. पासपोर्टच्या पानावर चिकटवलेला हा कागद. तो म्हणतो, हा माणूस कॅनडाच्या दारापर्यंत येऊ शकतो. भारतीय पासपोर्टवर तो लागतोच. दुसरे, मंजुरीचे पत्र. कॅनडाचे इमिग्रेशन खाते ते पाठवते. त्यात लिहिलेले असते की अर्ज मंजूर झाला आहे, हे पत्र घेऊन अमुक तारखेच्या आत देशाच्या कोणत्याही प्रवेशद्वारावर हजर व्हा. आणि हेही लिहिलेले असते की हे पत्र म्हणजे परवाना नव्हे. ते वाक्य मी वाचले होते, पण आनंदात पुढे सरकलो होतो. तिसरा कागद म्हणजे प्रत्यक्ष परवाना. तो प्रवेशद्वारावर, म्हणजे विमानतळावर किंवा जमिनीच्या सीमेवर, अधिकाऱ्याने छापून दिल्यावरच अस्तित्वात येतो. तोवर तुम्हाला कॅनडात एक तासही काम करता येत नाही.

यात दोन सरकारी खाती गुंतलेली आहेत. अर्ज तपासून मंजूर करणारे इमिग्रेशन खाते वेगळे आणि दारावर उभी असलेली सीमा सेवा वेगळी. पहिल्याने मंजुरी दिली तरी दारात आलेला माणूस खरा कोण, त्याचे कागद तेच आहेत का, परिस्थिती तीच आहे का, हे दुसरे खाते पाहते. प्रवेश द्यायचा की नाही, हा शेवटचा निर्णय दारावरच्या अधिकाऱ्याचा. म्हणून मंजुरीचे पत्र खिशात असूनही माणूस त्या खिडकीपाशी थोडा घाबरलेलाच असतो.

जमिनीवरची सीमा ही आपल्याला तशी अपरिचित गोष्ट. कराडहून बेळगावला जाताना कोगनोळीचा नाका लागतो आणि पाट्यांची लिपी बदलते, एवढीच आपली सीमा. अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधली सीमा ८,८९१ किलोमीटरची, दोन देशांमधली जगातली सर्वांत लांब सीमा. तिच्यावर शंभराहून अधिक अधिकृत वाटा आहेत. काही ठिकाणी शेतातून जाणारा रस्ता आणि एक चौकी, तर काही ठिकाणी प्रचंड पूल. पश्चिमेला सिअॅटल आणि व्हँकुव्हरच्या मध्ये पीस आर्च ही कमान आहे. डेट्रॉइटला अॅम्बॅसेडर ब्रिज आहे. आम्हा न्यू जर्सीकरांना जवळचे म्हणजे नायगारा नदीवरचे चार पूल. त्यांतला धबधब्याशेजारचा रेनबो ब्रिज पर्यटकांच्या ओळखीचा, त्यावरून मालट्रक जात नाहीत. आम्ही निवडला पीस ब्रिज. बफेलो शहरातून कॅनडातल्या फोर्ट ईरीला जाणारा हा पूल १९२७ पासून वाहतुकीला खुला आहे.

दिवस ठरवताना दोन गोष्टी पाहिल्या. शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवशी पुलांवर गाड्यांच्या रांगा लागतात, म्हणून ऑक्टोबरमधला एक मंगळवार घेतला. आणि पत्रावरच्या शेवटच्या तारखेच्या बरेच आधी जायचे ठरवले. हे किती शहाणपणाचे होते ते पुढच्याच महिन्यात कळले. २२ नोव्हेंबर २०२३ रोजी रेनबो ब्रिजवर अमेरिकेच्या बाजूला एका मोटारीचा भीषण अपघात होऊन स्फोट झाला आणि त्या भागातले चारही पूल काही काळ बंद केले गेले. त्या दिवशी ज्यांच्या पत्राची मुदत संपत असेल, त्यांनी काय केले असेल कोण जाणे.

तयारी म्हणजे फाइल. आपल्याकडे तहसील कार्यालयात जाताना बरोबर नेतो तशीच. तिघांचे पासपोर्ट, मंजुरीची पत्रे, विवाहाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, अमेरिकेतल्या नोकरीचे पत्र, बँकेचा उतारा, माझा पदवीचा कागद. एक गोष्ट आम्ही आधीच केली होती. माझा पासपोर्ट २०२४ मध्ये संपणार होता. परवान्याची मुदत पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत, हे एका जाणत्या मित्राने सांगितले होते, म्हणून अर्जाआधीच मी पासपोर्टचे नूतनीकरण करून घेतले. माझ्या एका तेलुगू सहकाऱ्याने ते केले नाही. तीन वर्षांच्या जागी त्याला चौदा महिन्यांचा परवाना मिळाला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. ती जरा लवकरच थोपटली, हे पुढे कळले.

सोमवारी रात्री बफेलोत मुक्काम केला आणि मंगळवारी सकाळी साडेसातला पुलावर गेलो. पूल ओलांडला की टोलनाक्यासारख्या खिडक्या असतात. तिथला अधिकारी पहिला प्रश्न विचारतो, "कुठे निघालात, कशासाठी?" इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. सवयीने आपण "फिरायला" असे म्हणून जातो. तसे म्हटले तर तो पासपोर्ट पाहील आणि पाहुणा म्हणून आत सोडेल. तुम्ही कॅनडात पोहोचाल, पण परवान्याशिवाय. म्हणून खिडकीशीच स्पष्ट सांगायचे, "कामाच्या परवान्याची मंजुरी आहे, परवाना घ्यायला आलो आहोत," आणि पत्र पुढे करायचे. मी तसे सांगितले. त्याने आमच्याकडे एकदा वाकून पाहिले, मागे गाढ झोपलेल्या मुलीकडे पाहिले, एक चिठ्ठी दिली आणि समोरच्या इमारतीपाशी गाडी लावायला सांगितले.

आत बँकेच्या शाखेसारखी खोली. खुर्च्या, काउंटर, भिंतीवर सूचना. आमच्या आधी सहा-सात माणसे होती. एक पंजाबी विद्यार्थी, एक ब्राझिलियन जोडपे, एक म्हातारी बाई. सगळे आपापली फाइल पुन्हा पुन्हा चाळत होते. पाऊण तासाने आमचा नंबर आला.

अधिकारी बाई होत्या, पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर चढवलेला. त्यांनी पत्रे घेतली, पासपोर्ट घेतले, बोटांचे ठसे आधी दिलेल्या ठशांशी जुळवून पाहिले. मग प्रश्न. "कॅनडात नोकरी आहे?" मी म्हणालो, "अजून नाही." "मग येणार कधी?" इथे माझी जीभ जरा अडखळली. आज परवाना घेऊन आम्ही दोन दिवसांनी परत न्यू जर्सीला जाणार होतो, हे सांगावे की नाही? पण खरे तेच सांगितले. "अमेरिकेतली मुदत पुढच्या वर्षी संपते. तोवर तिथले काम आहे. त्यानंतर इथे राहायला येऊ." त्यांनी मान हलवली. खुल्या परवान्याला नोकरी आधी हातात असावी लागत नाही आणि परवाना घेतल्या दिवसापासून तिथेच राहावे असेही बंधन नसते. पण घड्याळ मात्र त्याच दिवशी सुरू होते. तीन वर्षे मोजली जातात ती परवाना छापल्या तारखेपासून. तुम्ही बाहेर काढलेले दिवस तुमच्या खात्यातून वजा होत राहतात. ताबा घेऊन घराला कुलूप लावले, तर देखभालीचा खर्च थांबत नाही, तसेच हे.

प्रिंटर घरघरला. दोन कागद बाहेर आले, एक माझा आणि एक पत्नीचा. बाईंनी ते आमच्यासमोर ठेवले आणि जे वाक्य म्हणाल्या ते मी कधी विसरणार नाही. "इथून हलायच्या आधी सगळं वाचून पाहा. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, मुदत, अटी. चूक असेल तर आत्ता दोन मिनिटांचं काम आहे. बाहेर गेल्यावर मात्र वेळ लागेल."

मी नाव वाचले, तारीख वाचली. ऑक्टोबर २०२६. बरोबर. मी हसून पत्नीकडे पाहिले. ती हसत नव्हती. तिचे बोट कागदाच्या खालच्या भागातल्या एका ओळीवर थांबले होते. त्या अटीचा अर्थ असा होता की, या व्यक्तीला बालसंगोपन, प्राथमिक व माध्यमिक शाळांतील अध्यापन आणि आरोग्यसेवा या क्षेत्रांत काम करता येणार नाही.

बाकी सगळ्या क्षेत्रांत काम करता येणार होते. दुकानात, कारखान्यात, बँकेत, कुठेही. फक्त ज्या एका कामासाठी ती पाच वर्षे थांबली होती, तेवढेच वर्ज्य.

मी बाईंना म्हणालो, "हे चुकून पडलंय का?" त्यांनी संगणकात पाहिले आणि शांतपणे समजावले. चूक नव्हती. लहान मुले आणि रुग्ण यांच्या निकट काम करणाऱ्यांची कॅनडा वैद्यकीय तपासणी मागते, आणि ती त्यांनी नेमलेल्या डॉक्टरांकडूनच व्हावी लागते. आम्ही गेली पाच वर्षे अमेरिकेत राहत होतो, त्यामुळे अर्जासाठी तपासणीची सक्ती नव्हती. सक्ती नाही म्हणून आम्ही ती केली नाही. तपासणी नाही म्हणून परवान्यावर ही अट आली. माझ्या परवान्यावरही तीच ओळ होती. मी संगणकाचे काम करणारा, मला तिचे काही नव्हते, म्हणून मी ती वाचलीही नव्हती.

"आता काय करता येईल?" पत्नीने विचारले. बाई म्हणाल्या, "तपासणीचा अहवाल आमच्याकडे नाही, त्यामुळे इथं मी ती ओळ काढू शकत नाही. कॅनडात राहायला आलात की नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणी करून घ्या आणि अट बदलण्यासाठी अर्ज करा. मिळेल." त्यांनी एका चिठ्ठीवर त्या अर्जाचे नावही लिहून दिले. त्या खोलीत आम्हाला कोणी दुखावले नाही, कोणी हिडीसफिडीस केले नाही. चूक कुणाची असेल तर ती माझीच. अर्ज भरताना पत्नीच्या कामाचा रकाना मी भरला होता, पण तिचे काम मी मनात धरले नव्हते.

गाडीत बसल्यावर ती एवढेच म्हणाली, "निदान इथंच कळलं." ते खरे होते. हा कागद न वाचता आम्ही फाइलीत ठेवला असता, वर्षाने तिथे राहायला गेलो असतो, तिने एखाद्या पाळणाघरात काम धरले असते, आणि कधीतरी कोणीतरी परवाना मागितला असता. परवान्याची अट मोडून केलेले काम हे तिथे बेकायदा काम ठरते आणि पुढच्या प्रत्येक अर्जात ते आड येऊ शकते.

दोन दिवस टोरांटोजवळ मित्राकडे राहून परतलो. परतताना वेगळी धाकधूक. माझ्या पासपोर्टवरचा अमेरिकेचा व्हिसा २०२१ मध्येच संपला होता. तिथे राहण्याची मुदत वाढलेली होती, पण शिक्का जुना. अमेरिकेचा एक जुना नियम अशा वेळी कामी येतो. कॅनडा किंवा मेक्सिकोत तीस दिवसांपेक्षा कमी काळ राहून परतणाऱ्याला, त्याची राहण्याची नोंद, म्हणजे आय-९४, चालू असेल आणि त्याने मधल्या काळात नव्या व्हिसासाठी अर्ज केला नसेल, तर जुन्या शिक्क्यावरही सहसा आत घेतात. मी तो नियम छापून बरोबर ठेवला होता. अमेरिकी अधिकाऱ्याने तो कागद पाहिलाही नाही. त्याला नियम पाठ होता. मुलीचा निळा पासपोर्ट पाहून तो तिला म्हणाला, "घरी परत स्वागत!" चार वर्षांच्या तिचे घर नक्की कुठे, हे त्या वेळी आम्हालाही सांगता आले नसते.

माझी सहा वर्षे संपत आली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आम्ही सामानासह त्याच पुलावरून कॅनडात गेलो. मिसिसागाला दोन खोल्यांचे घर घेतले. सप्टेंबरमध्ये पत्नीची वैद्यकीय तपासणी झाली आणि अट बदलण्याचा अर्ज ऑनलाइन गेला. तोवर तिने एका किराणा दुकानात गल्ल्यावर काम केले. तेव्हा एका ओळखीच्या गृहस्थांनी सल्ला दिला, "कशाला महिनोन् महिने वाट बघता? झेंड्याला वळसा घालून या."

झेंड्याला वळसा हा तिथला रूढ शब्दप्रयोग आहे. कॅनडात राहणारा माणूस पुलावरून अमेरिकेच्या चौकीपर्यंत जायचा, तिथून लगेच मागे फिरायचा, आणि परत येताना कॅनडाच्या खिडकीवर म्हणायचा, "मला नवा परवाना द्या." ऑनलाइन अर्जाला महिने लागत, इथे काम एका दिवसात व्हायचे. अमेरिकेच्या झेंड्याच्या खांबाला वळसा घालून परत, म्हणून ते नाव. लोकांनी या वाटेचा इतका वापर केला की एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या एका वर्षात कॅनडाच्या सीमा सेवेने अशा ६९,३०० हून अधिक लोकांची प्रकरणे हाताळली. सीमेवरच्या माणसांचा वेळ त्यातच जाऊ लागला. मग २१ जून २०२४ पासून शिक्षण संपवून कामाचा परवाना मागणाऱ्या विद्यार्थ्यांना ही वाट बंद झाली.

आम्ही जाऊ की नको करत राहिलो. पत्नीला अमेरिकेच्या चौकीवर विनाकारण उभे राहायचे नव्हते. शेवटी नाताळच्या सुट्टीत जाऊन येऊ असे ठरले. १७ डिसेंबर २०२४ रोजी सरकारने सीमेच्या सुरक्षिततेची नवी योजना मांडली, आणि २३ डिसेंबरच्या रात्रीपासून वळसा घालून येणाऱ्यांना कामाचे आणि शिक्षणाचे परवाने देणे बंद झाले. अमेरिकेचे नागरिक आणि ग्रीनकार्डधारक, काही व्यापार करारांखाली येणारे व्यावसायिक, आंतरराष्ट्रीय मालट्रकचालक असे थोडे अपवाद ठेवले गेले. आमची नाताळची सहल रद्द झाली.

या दोन गोष्टींत गल्लत करू नये, म्हणून सांगतो. बाहेरून मंजुरी घेऊन पहिल्यांदा येणारा माणूस सीमेवर परवाना छापून घेतो, ती रीत या निर्णयाने गेली नाही. गेली ती आत राहून, केवळ वेळ वाचवण्यासाठी पुलावर वळसा घालण्याची सोय. गावाकडे कोणी एजंट "सीमेवर नेऊन एका दिवसात परमिट काढून देतो" असे सांगू लागला, तर तो या दोहोंपैकी कशाबद्दल बोलतो आहे, हे विचारावे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-वन-बीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केल्यापासून कॅनडाची चर्चा घरोघर पुन्हा सुरू झाली. त्या चर्चेत २०२३ च्या योजनेचे नाव कोणी घेतले तर लक्षात असू द्या, ती योजना दुसऱ्याच दिवशी भरली होती.

पत्नीचा बदललेला परवाना फेब्रुवारी २०२५ मध्ये टपालाने आला. लिफाफा तिने उभ्या उभ्याच फोडला. आधी खालची ओळ वाचली. मग नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, मुदत. मग पुन्हा खालची ओळ. अट गेली होती. पुढच्याच महिन्यात घराजवळच्या एका पाळणाघरात तिला मदतनीस म्हणून काम मिळाले. साताऱ्याच्या शाळेतल्या बाईंच्या मानाने पद लहान, पण पहिल्या दिवशी घरी आली तेव्हा तिच्या ओढणीला खडूची पूड लागलेली होती. ती तिने संध्याकाळपर्यंत झटकली नाही.

आमच्या मामांनी म्हाडाच्या घराचा ताबा घेतला, तेव्हा सही करण्याआधी प्रत्येक नळ सोडून पाहिला होता, प्रत्येक खिडकी उघडून मिटून पाहिली होती. तिथला कर्मचारी वैतागला होता आणि आम्ही मुले हसलो होतो. परदेशातल्या परवान्याचा ताबा घेतानाही तेच करावे लागते. फाइल जमवण्यात आपण महिने घालवतो आणि शेवटचा कागद हातात पडला की आनंदात घडी घालून खिशात टाकतो. तो वाचायला दोन मिनिटे लागतात. आपल्यापुरता वाचू नये. घरातल्या प्रत्येकाचा, त्याच्या कामाच्या नजरेने वाचावा.

त्या रात्री मी आईला फोन केला. म्हटले, "आई, हिचा नवा परवाना आला. आता शिकवता येईल तिला."

आई थोडी थांबली. मग म्हणाली, "सगळं वाचून पाहिलंस का आधी? मग मी पेढे आणते."